मांडीवरची बाहुली

फोटोवाल्यानं भिंगातून फोटो बघितला, उलटवून मागचा आपल्याच स्टुडिओचा शिक्का बघितला आणि धाकटीला विचारलं, हा एवढा मोठा कशाला करायचाय?

"बाहुली हरवलीय," ती म्हणाली. "चौकाचौकात लावणार आहे."

धाकटीचं वय त्रेसष्ट. फोटोत ती असेल चारेक वर्षांची, मांडीवर चिनी मातीच्या तोंडाची बाहुली, नाकाचा टवका उडालेला. या बाहुलीपायी तिनं जुन्या सामानाचे दुकानदार इतके पिडले होते, की वळणावर तिची छत्री दिसली की निम्मा बाजार शटर ओढून जेवायला जायचा. चोर कोण, ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. ताई. सख्खी थोरली बहीण. ताई बिचारी जन्मभर सांगत आली, अगं, आपल्या घरात असली बाहुली कधी नव्हतीच. की लगेच धाकटी हा फोटो तिच्या तोंडापुढे नाचवायची. आता ताईनं अंथरूण धरलं होतं. एकदा येऊन जा, म्हणून निरोपावर निरोप येत होते. धाकटीचं उत्तर ठरलेलं : आधी कबूल कर, मग येते.

म्हातारा फोटोवाला आत गेला आणि जुन्या फोटोंचा गठ्ठा घेऊन आला. पत्ते मांडावेत तसे त्यानं ते काउंटरवर मांडले. वीस-पंचवीस मुली, घरोघरच्या. सगळ्यांच्या मांडीवर तीच बाहुली, तेच तुटकं नाक.

"स्टुडिओची आहे," तो म्हणाला. "मांडीवर दिली की पोरी हलायच्या नाहीत. फोटो झाला की काढून घ्यायचो. मग काय रडायच्या, विचारू नका."

कपाटातून काढून त्यानं ती बाहुलीच पुढ्यात ठेवली. धाकटीनं तिच्या नाकावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा मुलगा होता.

"मावशी, आई म्हणतेय, मीच घेतली होती तुझी बाहुली. कबूल. आता तरी ये म्हणतेय."

फोटोवाल्यालाही ऐकू गेलं. तो धाकटीकडे बघत राहिला.

धाकटीनं बाहुली अलगद पालथी घातली.

"हं," ती फोनमध्ये म्हणाली. "मग विचार तिला, ठेवलीय कुठे?"