राखीव पाणी

सहदेवनं लाठी आडवी धरली आणि बायका थांबल्या.

सगळ्यांत पुढं मनकर्णाबाई होती. काखेत रिकामी घागर. मागं गावातल्या बाकीच्या, उन्हासाठी पदर पार नाकापर्यंत ओढलेल्या. या सगळ्या सहदेवच्याच गावच्या. ते गाव आता समोरच्या धरणाच्या पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा लोकांना वर मुरमाड टेकाडावर जागा मिळाली. तिथं खोदलेल्या विहिरीला नुसता खडक लागला. उन्हाळा तापला तसे गावातले जाणते कचेरीच्या पायऱ्या झिजवून आले. उत्तर एकच मिळालं. पाणी शहराच्या नळासाठी राखीव आहे, काठाला कोणी फिरकायचं नाही.

सहदेवचं बरं चाललं होतं. गेलेल्या शेताच्या बदल्यात त्याला धरणावर चौकीदारी मिळाली. खाकी सदरा, भिंतीच्या पायथ्याशी क्वार्टर, क्वार्टरच्या दारात नळ. नोकरी लागल्यापासून तो टेकाडावर फिरकला नव्हता. कोणत्या तोंडानं जाणार?

"मोठीमाय, परत जा," तो हळूच म्हणाला. "वरून हुकूम हाये."

मनकर्णाबाईनं त्याच्याशी वाद घातला नाही. वाटेतली बाभळीची फांदी सारावी तशी तिनं लाठी बाजूला सारली, लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या उतरल्या. सहदेव लाठी धरून नुसता उभा राहिला.

तेवढ्यात ओव्हरसिअरची जीप आली. साहेब उतरले तेच ओरडत. एकूण एक घागर जप्त करायची, एकही बाई पाणी घेऊन वर येता कामा नये, नाहीतर आजच क्वार्टर खाली कर, असं त्यांनी सहदेवला बजावलं.

सहदेव पाण्यात शिरला. जवळच्या बाईच्या हातातली घागर त्यानं धरली आणि ओढली. बाईनं सोडली नाही. ओढाताणीत तिचा पदर मागं पडला.

ती जमुना होती. त्याची बायको.

घरी दारात नळ असताना ही इथं कशाला? "तू काहून आली?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आपल्यासाठी नाही आली," जमुना म्हणाली. "हे मोठीमायच्या सुनेची घागर हाये. बाळंतीन हाये ते. तिनं कसं यावं? तिची खेप मी घेतली."

काठावरून साहेबांनी विचारलं, या बायांना इथं कोणी आणलं? ज्यानं चिथावलं त्याचं नाव हवं, त्याला आत्ता जीपमध्ये घालून ठाण्यावर नेतो. मनकर्णाबाई घागर तशीच टाकून दोन पावलं पुढं आली आणि बोलायला तिनं तोंड उघडलं.

सहदेवनं हात करून तिला थांबवलं. जमुनाच्या हातातली घागर घेऊन त्यानं पाण्यात बुडवली, काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर नीट ठेवली. मग तो काठाकडं वळला.

"मीच बोलावलं त्याईले, साहेब," तो म्हणाला. "उद्याही बोलावीन."