बधिर गुडघा

सिरिंजच्या टोकाशी उरलेला थेंब प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचपट्टीवर घेतला, त्यात निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवंत पेशी हा रंग दारातूनच परत पाठवते. मेलेलीच्या घरात मात्र कुणीही शिरावं.

सगळं निळं होतं.

बाईंनी काचपट्टी सरकवून पाहिली. या कोपऱ्यात निळ्या, त्या कोपऱ्यात निळ्या. मधूनच एखादी चुकार पेशी अजून स्वच्छ, चकचकीत. सकाळी याच पेशी बाटलीत भरल्या तेव्हा निळी शोधावी लागत होती.

गुडघ्याच्या उपचारासाठी आलेल्या मुलीच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा ओढून काढली, तेव्हा ती ओठ चावून पडून राहिली होती. त्यातल्या एवढ्याशा पेशी बाईंनी कित्येक दिवस पोसल्या, वाढवल्या. सुट्टीच्या दिवशीही येऊन त्यांचं खाणं बदललं. आणि आज उपचाराच्या खोलीकडच्या खिडकीतून बाटली पुढे केली, तर डॉक्टरांनी पेशींच्याच सिरिंजमध्ये बधिर करायचं औषध ओढून घेतलं. चांगलं सढळ हाताने. आणि ते सगळं मुलीच्या गुडघ्यात टोचलं. त्या औषधाने पेशी मरतात हे बाईंनी त्यांना मागेच सांगितलं होतं.

"अहो बाई," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "पेशी कुणाला दिसतात? पेशंट हसत उठलेला दिसतो."

बाईंनी हातमोजे काढले. त्या उपचाराच्या खोलीत गेल्या.

खोलीत गुलाबाच्या वासाचा फवारा मारला होता आणि त्याच्याखालून स्पिरिटचा वास डोकं वर काढत होता. डॉक्टर आरशात बघून भुवयांवरून बोट फिरवत होते. मुलीचे वडील व्हिडिओ चालू करून मोबाइल तिपाईवर बसवत होते. मुलगी खेळाच्या कपड्यांत, पलंगाच्या कडेला बसून ऑपरेशनचा पाय मजेत झुलवत होती.

"बाबा, खरंच काही दुखत नाहीये! शप्पथ!"

"बघितलंत?" डॉक्टर आरशातूनच म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी गुडघा उघडलेला, आणि पोरगी आज उडी मारणार. चल बेटा, आधी दोन्ही पायांवर, मग या एकट्या पायावर. हात वर. व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी मारतेस ना, अगदी तश्शी."

"उडीच हवी," वडील म्हणाले. "निवड समितीला चालतानाचा व्हिडिओ पाठवून काय उपयोग? चालतात काय, सगळेच."

"तिने उडी मारायची नाही," बाई दारातून म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "या आमच्या बाई. पेशींच्या सासूबाई म्हणा. दिवसभर त्यांच्यात खोट काढत बसतात."

वडीलही हसले. जरा जास्तच.

"तुमच्या मुलीला टोचलेल्या पेशी मेल्यात," बाई वडिलांना म्हणाल्या. "आत्ता बघून आले. आणि तिचा गुडघा बरा झालेला नाही, बधिर झालाय. मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन जे नवं लिगामेंट बसवलंय, ते अजून कच्चं आहे. दुखत होतं म्हणून पोरगी जपून होती. आता ते दुखणंच काढून घेतलंय. उडीत लिगामेंट तुटलं, तरी तिला पत्ता लागणार नाही."

"बाई, तुम्ही आत जा बघू. आपण नंतर बोलू," डॉक्टर म्हणाले. आवाजातली साखर जराही कमी झाली नव्हती. बाईंना त्या साखरेचीच शिसारी आली. अंगावर काहीतरी चिकट सांडावं तशी.

वडिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "पण मॅडम, गुडघा तिचा आहे. ती स्वतः सांगतेय ना, दुखत नाही म्हणून?"

"मस्त वाटतंय हो, मॅडम," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बाईंना बघवेना. "किती दिवसांनी! एकच मारते ना."

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "मार. पण आधी डोळे मीट. मी गुडघ्याला बोट लावलं की सांग."

मुलीने डोळे मिटले. बाईंनी सुई टोचलेल्या जागेशेजारी अंगठा टेकवला. मग दाबला. मग नख पांढरं पडेपर्यंत रेटला. कातडीत खळगा पडला.

मुलगी हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती.

"लावा की, मॅडम," ती म्हणाली. "किती वेळ?"

मग तिनेच डोळे उघडले. खाली अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे बघावं तशी ती बघत राहिली. हसू काही क्षण ओठांवर तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

"व्हिडिओतून एवढं कापता येतं ना हो?" वडिलांनी हलकेच विचारलं.

"न यायला काय झालं?" डॉक्टरांनी कॉलर सारखी केली. "बाई, तेवढा हात काढा. मधे येतोय."

बाईंनी हात मागे ओढला. तो निघेना. मुलीने तो दोन्ही हातांनी गुडघ्यावर घट्ट धरून ठेवला होता.