गच्चीवरचं ठिबक

गच्चीवरच्या भाज्यांनी आईला पार अडकवून ठेवलंय, असं मला वाटायचं. उन्हाळ्यात मिरच्यांना दोनदा पाणी, पावसाळ्यात दोडक्याच्या वेलाला आधार, थंडीत कोबीवरच्या अळ्या वेचणं, संपायचंच नाही. खालून बाबांच्या हाका, "अगं, माझा चष्मा कुठंय? चहा टाकतेस ना?" आणि वरून आईचं ठरलेलं उत्तर, "पाणी घालतेय, आले हं!"

म्हटलं, बास! सुट्टीत मी नळ्या आणि टायमर जोडून असलं झकास ठिबक बसवलं की बटणही दाबायला नको. बाबा जाम खूश. "पोरगी इंजिनियर होणार बघ! चला, आता तुला वर जायचं कामच उरलं नाही. टाक चहा."

"शहाणी गं माझी ती," एवढंच म्हणून आई स्वयंपाकघरात गेली. मग दिवसभर हाका आणि ती, ती आणि हाका. संध्याकाळी भांडी घासताना तिची नजर सारखी जिन्याकडे जायची.

आठवड्याभरात पाइप तुटला. "उंदरानं कुरतडला वाटतं," म्हणत आई झारी घेऊन लगबगीनं वर गेली. बाबांनी वैतागून तो तुकडा माझ्यापुढे धरला. "नीट बघ गं, उंदीरच ना?" कड अगदी सरळ होती, कात्रीनं कापावी तशी. वरून आईचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

 

"उंदीरच आहे बाबा, आणि भलताच हट्टी दिसतोय. नवा पाइप आणूच नका, तोही खाईल."