घरचा मिस्त्री

"मिस्त्री, अजून किती वेळ?" बायकोने विचारलं.

"झालंच बाई," नवरा म्हणाला आणि त्याने पुन्हा कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात डोकं घातलं.

सकाळी बटण दाबल्याबरोबर जळका वास आला होता आणि पडदा काळा पडला होता. तेव्हापासून ती खुर्चीत बसून होती. बोटं मात्र मांडीवर चाललेली. छापखान्यात पुस्तकंच्या पुस्तकं टाइप केलेली ती बोटं, स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मागे लेकीने नवाकोरा लॅपटॉप आणून दिला होता. "बाबा, ते धूड भंगारात द्या हो आता. यात सगळं आहे." आईने लॅपटॉप दोन बोटांनी लांब सरकवला. "कुणाचा आहे हा? घेऊन जा ताई. हरवला तर माझ्यावर यायचं." लेक स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. लॅपटॉपसाठी नाही, त्या 'ताई'साठी.

तेव्हा धूड राहिलं. पोस्टात शिक्के मारण्यात जन्म गेलेला हा माणूस उतारवयात तुटल्या तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकला. भंगारवाल्याकडून मेलेले कॉम्प्युटर आणायचे, एकाचा पंखा दुसऱ्याला, दुसऱ्याची वायर तिसऱ्याला. भंगारवाला त्याला डॉक्टर म्हणे. "या डॉक्टर, आजचा पेशंट गेलाय, पण किडन्या चांगल्या आहेत."

"काम अडलंय हो माझं," ती म्हणाली. "छापखान्यातून माणूस येईल पानं न्यायला. काय सांगू त्याला?"

"आधी कुणाला दाखवलं नाहीत? तुमच्या मिस्टरांना?"

असं विचारू नये, हे त्याला कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

ती खुदकन हसली. "ह्यांना? अहो, घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्याला हाक मारतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण सांगू का, मी दमून आले ना, की काही न विचारता पाय चेपून देतात. कुणापुढे बोलू नका हं. त्यांना आवडायचं नाही."

त्याचा हात हलला आणि सोल्डरिंगच्या सळईचं तापलेलं टोक अंगठ्याला लागलं. त्याने ओठ आवळून धरले. इतक्या वर्षांच्या संसारात हे ती त्याला एकदाही म्हणाली नव्हती. त्याने डोळे पुसले, डाग पुन्हा नीट दिला आणि बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडदा उजळला. त्याने फ्लॉपी आत सरकवली. खोक्याने दोनचार वेळा खाकरल्यासारखं केलं आणि अक्षरं उमटली. खणात फ्लॉप्यांचा ढीग होता, पण आता चालणारी ही एवढीच उरली होती.

"हुश्श!" ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याने तिच्याजवळ हाताने लिहिलेलं पान ठेवलं. नद्यांवरचा एक धडा. रोज तोच, रोज नव्याने चुका करून लिहिलेला. तिची नजर पानावर गेली आणि बोटं धावू लागली. टकटक टकटक. मग एकदम थांबली.

"कुणी लिहिलंय हो हे? 'भूमी'तला 'भू' ऱ्हस्व! शाळेत गेला होता की नाही हा माणूस?"

"असेल कुणी अडाणी."

तिने मान हलवत 'भू' दीर्घ केला. लेक हरवली होती, नवरा हरवला होता, ऱ्हस्वदीर्घ मात्र जागच्या जागी होते.

तो मागे उभा राहून बघत राहिला. टाइप करताना ती अगदी पहिल्यासारखी दिसे. खालचा ओठ दातांत, डावी भुवई जरा वर. बघता बघता त्याला भान राहिलं नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती ताडकन उठली. खुर्ची मागे कलंडली.

"मिस्त्री!" तिचा आवाज कापत होता. "झालं ना काम? मग निघा तुम्ही. ह्यांची यायची वेळ झालीय."

ती त्याला भ्यायली होती. तिच्यापासून दोन पावलं मागे होत तो म्हणाला, "चुकलो बाई. निघतो."

त्याने हत्यारं गोळा केली, चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. पाठीमागे कडी लागली.

जिन्यावर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. जायचं कुठे? घर तर हेच. मग त्याने हत्यारांची पिशवी कठड्याआड ठेवली, शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला. आणि ऑफिसातून आल्यावर वाजवायचा तशी बेल वाजवली. एक लांब, एक तुटक.

"आले, आले!"

हा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पावलं जवळजवळ धावतच आली. कडी निघाली, दार सताड उघडलं. तिने घाईघाईत केस सारखे केले होते. चेहरा नुसता हसत होता.

ते हसू क्षणभर त्याच्यावर थांबलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे गेलं.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "जिन्यात भेटले का हो ते?"



"हो. येतायत. खालीच आहेत."

आणि तिला जिना नीट दिसावा म्हणून तो बाजूला सरकला.