जाड पत्रा

एलेनोआनं कात्रीची धार अंगठ्यावर पारखली आणि पुढ्यात बसलेल्या भावजयीची वेणी मुठीत धरली.

कलाफीला पुरून दहा दिवस झाले होते. आज सुतक फिटायचं होतं, आणि त्यासाठी घरच्यांचे केस कापण्याचा मान त्याच्या थोरल्या बहिणीचा. मयताच्या घरात ती फाहू. ती मागेल ते द्यायचं, तिच्यापुढं मान वर करायची नाही. लोकांनी मयताला आणलेल्या चटया आणि झाडाच्या सालीचं कापड याच रिवाजानं तिच्या नावानं भिंतीशी रचलेलं होतं. लुपे कलाफीची बायको. तिच्या कमरेला सुतकाची भरड, फाटकी चटई गुंडाळलेली होती. बसल्यावर तिच्या काड्या मांडीला टोचत.

छपराच्या जागी निळी ताडपत्री होती. वादळात पत्रे उडाले तेव्हापासूनची.

"टोकाला लावल्यासारखं करा नि सोडा, ताई," दारात बसलेली शेजारीण साने म्हणाली. "तिला काही लष्करात धाडायची नाही."

बायका हसल्या. एलेनोआ हसली नाही.

"सकाळी शहरात, नुकुआलोफाला, बँकेत जाऊन आले," ती म्हणाली. बोलली लुपेच्या डोक्याशी, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

हसणं थांबलं.

"तिथला कारकून मला बघून उठून उभा राहिला. खुर्ची दिली. मग म्हणतो, खातं दोघांच्या नावावर आहे, एक गेला की मागं राहील त्याचं. मी म्हटलं, अरे बाबा, मी त्याची सख्खी बहीण. तर म्हणतो, मावशी, तुमचा मान मोठा, पण आमच्या मशीनला मान कळत नाही. बायकोची सही आणा."

तिनं पिशवीतून पैसे काढायची चिठ्ठी काढली आणि पुढं वाकून लुपेच्या मांडीवर ठेवली. रकमेच्या चौकोनात तिनं आपल्या हातानं लिहिलं होतं : सगळे.

"रविवारी चर्चची वर्गणी आहे. घराघराचं नाव आणि आकडा पुकारणार. यंदा माझ्या भावाचं नाव सगळ्यांत वर असेल, असं मातीच्या दिवशी मी पाद्रीबाबांना चारचौघांत सांगितलंय. आता मागं सरले तर लोक म्हणतील, कलाफी मेला आणि त्याचा शब्दही मेला."

"शब्द त्याचा कुठं होता?" साने पुटपुटली.

"तू गप गं. तुमच्या घरचा आकडा वाचायला पाद्रीबाबांना चष्मा लावावा लागतो."



"पहिल्या हंगामाला त्याचं ऑस्ट्रेलियाचं तिकीट कुणी काढलं?" एलेनोआ पुन्हा लुपेच्या डोक्याशी बोलू लागली. "मी. माझी डुकरं विकून. तिकीट काढलं नसतं तर कसली संत्री तोडतो आणि कसलं खातं उघडतो तो?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. कलाफी तिकडं संत्री तोडायचा आणि लुपे इथं चटया विणून ऑकलंडला विकायला पाठवायची, हेही खोटं नव्हतं. दोघांचे पैसे एकाच खात्यात जात. वादळानंतर त्या खात्याला ती दोघं 'छप्पर'च म्हणत. छपरात आज किती टाकले, असं तो फोनवर विचारायचा.

"कर सही. माझा हात अवघडला."

लुपेनं चिठ्ठीची घडी घातली. मान खालीच ठेवून ती घडी दोन्ही हातांनी डोक्यावरून मागं धरली, वडीलधाऱ्यांना वस्तू देतात तशी.

"केस तुमचे, वन्सं. चटया तुमच्या. त्याचा फोटो हवा असेल तर तोही न्या. हे पैसे छपराचे आहेत."

फाहूला कुणी नाही म्हटलेलं तिथल्या एकाही बाईनं आजवर ऐकलं नव्हतं. वर ताडपत्री फडफडली.

एलेनोआनं चिठ्ठी घेऊन पिशवीत टाकली.

"मान खाली घाल," ती म्हणाली.

मान खालीच होती.

कात्री टोकाला लागली नाही. वेणीच्या मुळाशी बसली. केस दाट होते, वेळ लागला. वेणी खाली पडली तेव्हा सानेनं तोंडावर हात ठेवला. पण एलेनोआ थांबली नाही. तिनं डावी बाजू उजवीशी जुळवली, कानामागचं राहिलेलं कापलं, मानेवरचे बारीक केस फुंकरीनं उडवले. मग कात्री पुसून ठेवली आणि ती भिंतीपाशी गेली.

रचलेल्या चटयांच्या तळातून तिनं एक ओढून काढली. कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं. सरदारांच्या घरून आलेली. मातीच्या दिवशी ती तिथल्या दोन बायकांनी उचलून अंगणातून मिरवत आणली होती, आणि एलेनोआनं ती पुन्हा एकदा मिरवायला लावली होती.

"साने, तुझ्या नवऱ्याची गाडी उद्या शहरात जाते ना?"

"जाते."

"मला यायचंय. ही बाजारात न्यायची आहे."

"ही? अहो ताई, असली चटई कुणी विकतं का?"

"रविवारी नाव पुकारणार आहेत," एलेनोआ म्हणाली.

चटई काखेत मारून ती दाराशी गेली. तिथं थांबली. वर ताडपत्रीकडं बघितलं.

"पत्रा जाड घे. पातळ पहिल्या वादळात उडतो."

अंगणातल्या खड्यांवर तिची पावलं वाजेनाशी होईपर्यंत लुपेनं मान वर केली नाही. मग तिनं हात मागं नेला. मानेला वारा लागत होता.