देवमाशीण काय म्हणाली

जहाजावरच्या भाषांतरयंत्रातून देवमाशिणीचा आवाज आला, "पिल्लू जाळ्यात अडकलंय. लवकर या, जागा..." पुढचे शब्द सुरक्षा अधिकारी राजाध्यक्षांनी बटण दाबून पुसले.

"तिथे आपल्या पाणबुड्या असतात. जागा गुप्त ठेवावी लागते."

"कोणापासून? माशांपासून?" संशोधक मृण्मयी केरकरने विचारलं.

राजाध्यक्षांनी शांतपणे चहात बिस्कीट बुडवलं.

मृण्मयीने यंत्रच बंद केलं. वर्षानुवर्षं ऐकून ती भाषा तिच्या कानात बसली होती. पाण्यातून पुन्हा आलेली मूळ हाक ऐकून तिने कप्तान मुकादमांना दिशा सांगितली. त्यांनी लगेच जहाज वळवलं.

तिथे पोहोचताच खलाशांनी जाळं कापलं, पिल्लू आईला बिलगलं. तेवढ्यात राजाध्यक्षांनी फोन पुढे केला. "मॅडम, माझा एक फोटो काढा ना. मागे मासा दिसू दे."

मृण्मयीने फोटो काढला. त्यात फक्त मायलेकरं आली.