कायमची भाडेकरू

निवृत्त ओव्हरसियर शेषरावांनी कर्ज काढून दारव्ह्याच्या घरावर मजला चढवला आणि वर राहणाऱ्या ऋतुजाच्या भाड्यातून बँकेचा हप्ता चोख भागू लागला. ती दुसरीकडे खोली पाहत असल्याची कुणकुण लागताच त्यांची झोप उडाली.

"अशी भाडेकरू पुन्हा भेटत नाही," ते पत्नीला म्हणाले. "तिले कायमची ठेवू. आपल्या निखिलसाठी मागणी घालू."

"घाला की," विमलबाई हसल्या. "ते दोघं तं कवाचेच तयार हायेत."

वरातीत सर्वांत पुढे शेषरावच नाचले. उंबरठ्यावर बायकांनी नव्या सुनेला नाव घ्यायला लावले.

 

"नाव बदललं माझं, पण तोच राहिला पत्ता;
निखिलरावांचं नाव घेते, आता सासरेबुवाच भरतील हप्ता."